खालच्या विहिरीला आलेलं पाणी

१

महाशिवरात्रीपासून कोरडी पडलेल्या खालच्या विहिरीला मे महिन्याच्या ऐन वणव्यात एका सकाळी पाणी आलं, आणि चौथ्या दिवशी त्या पाण्यातून दगडोबा वर आला.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षं होत होती आणि दुष्काळाचं दुसरं साल चाललं होतं. उदगीर आणि मुखेडच्या मधलं भालगिरी हे किल्ल्याचं शहर. वरच्या अंगाला पेठ, अडत्यांच्या माड्या आणि एसटी स्टँड. उताराला मोलमजुरी करणाऱ्यांची खालची गल्ली. या गल्लीत एकच विहीर होती, पायऱ्यांची. ती आटली तशा बायका रोज तळाशी उतरायच्या, खड्ड्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरायच्या. एका घागरीला दोन तास लागायचे.

आणि एका सकाळी उतरायला गेलेल्या बाया आरडत वर आल्या. सात पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या! कुणी विहिरीची ओटी भरली, कुणी हळदकुंकू वाहिलं. पाणी जरा गढूळ होतं, पण दुष्काळात पाण्याचा रंग कोण बघतो?

सिंधु वाघमारे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. मूळ लोह्याच्या, चाळिशीला आलेल्या. वीस वर्षं घरोघर फिरून त्यांच्या चपलांचे तळ झिजले होते आणि जबान धारदार झाली होती. त्या दिवशी त्या लसी टोचायला गल्लीत आल्या होत्या. चतुराबाई नावाच्या बाईने त्यांना हौसेने तांब्याभर नवं पाणी दिलं आणि त्या घटाघटा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी म्हातारी गुरम्मा दगावली. चौथ्या दिवशी सिंधुबाई विहिरीत टाकायची पावडर घेऊन आल्या तेव्हा दहा पावलांवरूनच त्यांना वास आला. दवाखान्यात काम करणाऱ्याला हा वास ओळखावा लागत नाही.

"गळ टाका," त्या म्हणाल्या.

तीन माणसांनी गळ ओढला. जे वर आलं ते फुगलेलं, हिरवट-काळं होतं. हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटून लोंबत होती. मनगटावरचं चांदीचं कडं मात्र जागच्या जागी होतं. ते बघून चतुराबाईने हंबरडा फोडला. "दगडू! माझा दगडू!"

मुखेडकडचा दगडोबा, विहिरींचा गाळ काढणारा, तिचा सख्खा धाकटा भाऊ.

सिंधुबाईंनी वीस वर्षांत मेलेली माणसं पुष्कळ बघितली होती. तरी त्या बाभळीच्या आडोशाला गेल्या आणि पोटात काही उरलं नाही तोवर ओकल्या. तो तांब्या त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

फौजदार रामकिशन केंद्रे दुपारी आले. नाकाला रुमाल, दुसरा हात पोटावर. "दारू पिऊन पडला," ते लांबूनच म्हणाले. "लिहा रे पंचनामा."

सिंधुबाई तोंड पुसत पुढे आल्या. "साहेब, हा माणूस या विहिरीत पडलेलाच न्हाई."

२

"म्हणजे काय, आभाळातून टपकला का?"

"ह्याला मरून दहा-बारा दिवस झालेत. डॉक्टरला विचारा. आणि पाच दिवसांमागं ही विहीर कोरडी ठणठणीत व्हती. साठ बाया रोज तळाला उतरून वाट्यांनी पाणी भरायच्या. एवढा मोठा माणूस त्यांना दिसला नसता?"

फौजदारांनी विहिरीत वाकून बघितलं. पाणी आता पुन्हा उतरत चाललं होतं, आणि तळाजवळ दगडी कमानीचं काळं तोंड उघडं पडलं होतं.

त्या तोंडाला गावात नहर म्हणायचे. कुण्या सुलतानाच्या काळी किल्ल्याच्या डोंगरातून पेठेखालून खोदलेली, माणूस वाकून चालेल एवढी भुयारी वाट. तिच्यात निजामाचं सोनं आहे, ती बिदरपर्यंत जाते, आत पहारेकऱ्याचं भूत आहे, असं काय काय लोक सांगायचे. खरी गोष्ट साधी होती. डोंगरातला झरा त्या वाटेने वाहत यायचा आणि तिच्यावरच्या तीन तोंडांना पाणी पुरवायचा. पहिलं तोंड पेठेतले धनवान अमृतराव यांच्या अंगणातली विहीर, दुसरं शंकरप्पाचा सोडावॉटरचा कारखाना, आणि शेवटचं ही खालची विहीर. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर नहरीत कुणी उतरल्याचं गावाला ठाऊक नव्हतं. त्याआधी दगडोबाचा बाप तिचा गाळ काढायचा.

"माझ्या भावाला नहर माहीत व्हती," चतुराबाई म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. चेहरा दगडासारखा झाला होता. "अक्खितीच्या सकाळी तो आला. मी तळातून वाटीनं पाणी भरून राहिले व्हते. ते बघून खाली बसला, डोक्याला हात लावून. म्हणला, आक्का, दोन दिवसांत तुझ्या विहिरीला पाणी येतं का न्हाई बघ. अन् पहार घेऊन गेला. त्यानंतर आजच दिसला." अक्खिती म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन बारा दिवस झाले होते.

"कुठं गेला ते सांगितलं?"

"न्हाई. पेठेच्या अंगानं गेला."

फौजदारांचं पोट पुन्हा कळवळलं असावं. ते घाईने जीपकडे वळले. "आत जायला माझ्याकडं माणूस न्हाई. उद्या बघू."

उद्या म्हणजे कधी, हे सिंधुबाईंना ठाऊक होतं. त्यांनी पदर खोचला, दवाखान्यातला कंदील आणवला आणि चतुराबाईला म्हणाल्या, "येता?"

दोघी कमानीतून आत शिरल्या. भर दुपार असून चार पावलांवर उजेड संपला. घोट्याइतकं पाणी, पायाखाली गाळ, आणि भिंतींवर कमरेच्या उंचीला चिकट, साईसारखा थर. त्या थरात केस अडकले होते. सिंधुबाईंचा हात चुकून भिंतीला लागला आणि त्यांनी तो लुगड्याला इतका घासला की कातडी लाल झाली. पेठेतले लोक वर हिंडत होते, बैलगाडीचा खडखडाट दगडांतून ऐकू येत होता. भरल्या शहराच्या पोटात आपण शिरलो आहोत आणि हे पोट सडलेलं आहे, असं त्यांना वाटलं.

दीडशे पावलांवर चतुराबाई थांबली. "बाई, हे काय?"

समोर भिंत होती. म्हणजे भिंतीचं जे उरलं होतं ते. पक्क्या विटा, सिमेंट, नहरीच्या दोन्ही कडांना घट्ट बसवलेली. मधोमध ती फुटली होती. सिमेंट इतकं नवं होतं की थापीचे फटकारे दिसत होते. यंदाचंच काम.

सिंधुबाई भगदाडातून पलीकडे गेल्या आणि कंदील खाली धरला. भिंतीच्या डोंगराकडच्या अंगाला, दोन विटांच्या फटीत, दगडोबाची पहार रुतलेली होती. आजूबाजूच्या विटा टवके काढून पोखरलेल्या होत्या. पहारीचे घाव संपत होते तिथून पुढे बारीक पांढऱ्या रेघा होत्या. सिंधुबाई जवळ वाकल्या आणि त्यांना कळलं. पहार रुतून बसल्यावर त्याने नखांनी खरवडलं होतं.

"आक्का," त्या चतुराबाईला हळूच म्हणाल्या, "तुमच्या विहिरीला पाणी देवानं आणलं न्हाई. यानं आणलं. भिंत याच्या हातून सैल झाली, अन् पाण्यानं नऊ दिवसांनी ती फोडली."

चतुराबाईने पहारीला हात लावला. "मग हा पलीकडच्या बाजूला कसा गेला?"

"वरच्या तोंडातून उतरला. अन् ज्यानं उतरवला, त्यानं त्याला वर येऊ दिलं न्हाई."

कंदिलाची ज्योत निळी पडू लागली होती. पुढची हवा जड होती. दोघी मागे फिरल्या आणि वाकतच बाहेर उन्हात आल्या.

३

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई शंकरप्पाच्या कारखान्यात गेल्या तेव्हा यंत्र धडधडत होतं. शंकरप्पा साठीचा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. डोळे रडून सुजलेले. त्याची सात वर्षांची नात शिवगंगा जुलाबांनी दवाखान्यात पडून होती.

"बाई, पोरगी वाचेल ना?"

"वाचेल. सलाइन लावलंय. मामा, तुमच्याकडचं पाणी कोण पितं?"

"आम्ही समदेच. सोडा त्याचाच, चहा त्याचाच. नात तर सोड्याच्या बाटल्या लई प्यायली."

मागच्या खोलीत नहरीचं तोंड होतं. त्यावर लोखंडी जाळी, आणि तिला गंजून एकजीव झालेलं कुलूप. जाळीतून पंपाचा नळ खाली गेला होता. जाळीच्या कडेला नारळाच्या करवंट्या, बुक्का आणि वाळलेली फुलं पडली होती.

"ही पूजा कशाची, मामा?"

शंकरप्पाचा चेहरा उतरला. तो इकडेतिकडे बघू लागला. सिंधुबाई नुसत्या उभ्या राहिल्या. न विचारता उभं राहिलं की माणूस बोलतो, हे त्यांना वीस वर्षांत कळलं होतं.

"अक्खितीच्या सांजेला यंत्र बंद केलं," तो शेवटी म्हणाला, "अन् खालून आवाज आला. कुणीतरी हाका मारतंय असा. नहरीतलं भूत, बाई! माझ्या बापानं बी ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी बी आला. मग मी नारळ फोडला, ऊद जाळला. तिसऱ्या दिवशी बंद झाला. मला वाटलं, शांत झालं."

सिंधुबाईंनी जाळीतून खाली बघितलं. जाळीखाली माणूस कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून हाका मारतोय, आणि वर हा माणूस नारळ फोडतोय.

"काय म्हणत होतं भूत?"

शंकरप्पा रडू लागला. "मी कानांत बोटं घातली व्हती, बाई."

टँकरवाला सिद्धराम एसटी स्टँडजवळच्या पाणपोईपाशी सापडला. पालिकेच्या पाण्याचा ठेका त्याचा, आणि विहिरी आटल्या तेवढे त्याचे टँकर वाढलेले. शिवाय दगडोबाशी त्याचं होळीआधी भांडण झालं होतं, हे अर्ध्या गावाला माहीत होतं. त्यामुळे सिंधुबाईंचा पहिला संशय त्याच्यावरच होता.

"भांडण झालं, हाव," तो बिनधास्त म्हणाला. "माझ्या शेतातल्या विहिरीचा गाळ काढायला या म्हणलं तर म्हणला, अमृतअप्पांचं काम चालू हाय, येळ न्हाई. मी शिव्या दिल्या. त्यात काय? मी काय त्याला मारतो?"

"अमृतअप्पांचं काय काम?"

"काय म्हाईत. शिवरात्रीच्या सुमाराचं."

बोलता बोलता त्याने टँकरच्या तोटीला ओंजळ लावली, प्यायला, तोंडावर पाणी मारलं. सिंधुबाई बघत राहिल्या.

"हे पाणी कुठलं?"

"अप्पांच्या अंगणातलं. मोठा हौद हाय त्यांचा. रोज भरून देतात फुकट, मी इथं पाणपोईवर आणून टाकतो. देवमाणूस, बाई. परवा कलेक्टरसाहेब येणार हायत त्यांचा सत्कार करायला. नव्या जिल्ह्यातला पयला मान आपल्या गावाला." तो पोट धरून वाकला. "पण आठ दिवस झाले, माझं पोट काय जाग्यावर न्हाई."

पाणपोईवर लाल रांजण मांडले होते. मुखेड, देगलूर, बिदरच्या गाड्या लागत होत्या. प्रवासी उतरून पेले भरत होते, पीत होते, अमृतरावांना दुवा देत होते आणि गाडीत बसून निघून जात होते. किती जण, कुठल्या गावात जाऊन पडले असतील, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होणार नव्हती.

सिंधुबाईंनी पुढे होऊन पहिला रांजण लाथेने उलथला.

४

"सिस्टर, हे काय ऐकतोय मी?" अमृतराव दुसऱ्या सकाळी हसून म्हणाले. "रांजण फोडले म्हणे."

नवी कोरी माडी, अंगणात कोटा फरशी. अमृतराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, गोरेपान, आवाज लोण्यासारखा. फौजदार केंद्रे पलीकडे खुर्चीत चहा पीत होते. सत्काराच्या बंदोबस्ताचं निमित्त करून ते पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ इथेच बसत होते.

"अप्पा, वरच्या पाण्यात मढं व्हतं. तुमची विहीर, सोड्याचा कारखाना अन् ती भिंत, मधलं समदं पाणी एकच. अडवलेलं पाणी वाहत न्हाई, साचतं."

"शिव शिव! पण भिंतीचं मला काय माहीत? भुयार गावाचं, मी काय त्यात उतरतो? अन् एक गोष्ट सांगा. तुमच्या रजिस्टरात आजारी किती?"

"त्रेसष्ट."

"त्यात माझ्या घरचं कुणी?"

ही गोष्ट सिंधुबाईंच्याही लक्षात आली होती. अमृतरावांच्या घरात अकरा माणसं, त्यांत दोन तान्ही. एकालाही साधी ढेकर आली नव्हती.

"मग?" अमृतरावांनी हात पसरले. "पाणी नासलं असतं तर आम्ही आधी पडलो असतो. माझी विहीर साफ हाय. घाण असेल ती शंकरप्पाच्या तोंडातली. त्याच्याच घरात आजार शिरलाय, बगा."

फौजदारांनी मान हलवली. बोलणं बिनतोड होतं. सिंधुबाई उठल्या, आणि मागच्या दाराने जाताना स्वयंपाकघराशी थबकल्या. अमृतरावांची बायको दानम्मा भाकरी थापत होती. साधी, थकलेली बाई. पाच बाळंतपणं सिंधुबाईंनीच केलेली, त्यामुळे दोघींत आडपडदा नव्हता.

"अव्वा, पोरं बरी हायत ना समदी?"

"बरी हायत, बाई. देवाची दया. ह्यांच्या व्रताचं पुण्य म्हणायचं."

"कसलं व्रत?"

दानम्माने कोपऱ्याकडे बोट केलं. सहा घागरी पांढऱ्या फडक्याने झाकून ठेवल्या होत्या. "अक्खितीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी धरलं. पाऊस पडेपतोर घरात डोंगरावरच्या मठातल्या कुंडाचंच पाणी. प्यायला, रांधायला, लेकरांच्या दुधात बी. रोज गाडी जाते. विहिरीच्या पाण्याला घरच्यांनी शिवायचं न्हाई."

"कडक व्रत हाय."

"लई कडक. म्हशी बी माझ्या माहेरी धाडल्या, आठ कोसांवर. दुभत्या म्हशी! मी म्हणलं, इथं हौद भरलेला हाय, तिथं कशाला? तर म्हणले, म्हशींना बी हे पाणी नको."

सिंधुबाई दाराशी तशाच उभ्या राहिल्या. भाकरीला पापुद्रा आला, दानम्माने ती उलटली, तरी त्या उभ्याच.

मग त्या वळल्या आणि परत अंगणात गेल्या.

५

"साहेब," त्या फौजदारांना म्हणाल्या, "कप खाली ठेवा. माणूस सापडला."

अमृतरावांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं.

"दगडोबा अक्खितीला पहार घेऊन पेठेकडं गेला. त्याला भिंत फोडायची व्हती, म्हणजे भिंत कुठं हाय ते त्याला माहीत व्हतं, कारण शिवरात्रीला ती त्यानंच बांधली. सिद्धराम सांगतो, तवा तो अमृतअप्पांच्या कामावर व्हता. भिंत पोखरलीय वरच्या अंगानं. म्हणजे तो वरच्या तोंडातून उतरला. वरची तोंडं दोनच. शंकरप्पाच्या जाळीचं कुलूप गंजून एक झालंय, ते वर्षानुवर्षं उघडलं न्हाई. राहिली ही विहीर."

"कुणीबी चोरून उतरला असेल," अमृतराव म्हणाले. "फाटक उघडंच असतं."

"मान्य. मग मी पाण्याकडं बघितलं. शंकरप्पा ते पाणी प्यायला, नातीला पाजलं. सिद्धराम माझ्यासमोर प्यायला. दोघांना ठाऊक नव्हतं, म्हणून प्यायले. मढं तर परवा निघालं. त्याआधी या पाण्यात काय हाय ते साऱ्या गावात फक्त एका माणसाला माहीत असू शकतं. अन् साऱ्या गावात एकाच घरानं अक्खितीच्या दुसऱ्या दिवसापासून हे पाणी सोडलं."

"व्रत हाय ते!" अमृतरावांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "धर्माच्या गोष्टीत बोलायचं काम न्हाई, सिस्टर!"

"व्रत माणसाचं असतं, अप्पा. म्हशीचं नसतं."

दानम्मा पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात आली होती. सिंधुबाई तिच्याकडे वळल्या.

"अव्वा, साहेबांचा चहा कुठल्या पाण्याचा?"

दानम्मा गोंधळली. "पाव्हण्यांचा? हौदातल्या. विहिरीच्या. कुंडाचं पाणी पाव्हण्यांना द्यायचं न्हाई म्हणून ह्यांनीच सांगितलंय. पयल्या दिवसापासून."

फौजदार केंद्रे पंधरा दिवस, दिवसाला चार कप चहा प्यायले होते. त्यांनी हातातल्या कपाकडे बघितलं. मग अमृतरावांकडे. आणि ते कोटा फरशीवर, स्वतःच्या बुटांवर, अमृतरावांच्या धोतरावर भडाभडा ओकले.

कुणी पाणी आणायला धावलं नाही. कुठलं आणणार?

अमृतराव डाग झटकत मागे सरकले. "साहेब, या बाईचं काय ऐकता! तो दगडोबा इथं आलाच न्हाई!"

"आला व्हता."

दानम्मा बोलली होती. आवाज हळू होता, पण स्पष्ट.

"अक्खितीला आला व्हता. मी त्याला पायरीवर बसवून आमरस-पोळी वाढली. ह्यांच्याशी त्याचं बोलणं झालं, विहिरीपाशी. दुपारी मी विचारलं, तर म्हणले, गेला मुखेडला. पण त्याच्या वहाणा विहिरीच्या काठाला व्हत्या. मी म्हणलं, अनवाणी कसा गेला एवढ्या उन्हात? त्यावर ह्यांनी माझ्या तोंडात मारली." ती गोठ्याकडे गेली आणि गव्हाणीतून कातडी वहाणांचा जोड काढून फौजदारांच्या पायाशी ठेवला. "गरिबाच्या वहाणा. परत येईल म्हणून मी ठेवल्या."

अमृतराव मटकन खाली बसले.

"मी त्याला हात पण लावला न्हाई," ते म्हणाले. "गुरूची आण. तो म्हणला, भिंत फोडतो, न्हाईतर खालच्या गल्लीत सांगतो. माझं ऐकेना, उतरलाच. मी फक्त दोर वर ओढला. म्हणलं, बसू द्या तासभर, डोकं थंड होईल. मग झाकण लावलं. मग..."

"मग तो दोन दिवस हाका मारत व्हता," सिंधुबाई म्हणाल्या.

"कलेक्टर येणार व्हते. भिंतीनं खालचं पाणी माझ्या हौदाकडं वळवलं, हे तो वर येऊन बोंबलला असता. पाणपोई, सत्कार, जिल्हा परिषदेचं तिकीट, समदं गेलं असतं. मला वाटलं, दोन दिवसांनी..." त्यांनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर खरोखर न समजल्याचा भाव होता. "मी पाणी तर दिलंच ना लोकांना? न्हाई दिलं का?"

सिंधुबाईंनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले, कारण ते या माणसाच्या गालावर पडतील अशी त्यांना धास्ती वाटली.

फौजदारांनी तोंड पुसलं. "उठा, अप्पा," ते म्हणाले. मग 'अप्पा' हा शब्द त्यांना नको झाला असावा. "ऊठ."

६

सत्कार झाला नाही. अमृतरावांना जीपमधून लातूरला नेलं. शंकरप्पाने कारखाना बंद केला आणि नातीच्या खाटेशी बसून राहिला, पोरगी वाचली. आजाऱ्यांचा आकडा शंभराच्या वर गेला, गुरम्मापाठोपाठ आणखी दोघं गेले. सिंधुबाई पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून प्यायच्या, तरी घोट घशाखाली उतरताना डोळे मिटायच्या.

दगडोबाला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गल्लीत एक बैलगाडी आली. गाडीत झाकलेल्या सहा घागरी होत्या, आणि मागून दानम्मा पायी चालत होती. डोक्यावर पदर, पायांत काही नाही. पेठेतली बाई त्या गल्लीत अशी कधी आली नव्हती. बाया दारादारांत उभ्या राहिल्या. सिंधुबाई सलाइनची बाटली बदलत होत्या, त्याही ओसरीवर आल्या.

गाडी चतुराबाईच्या दाराशी थांबली.

"कुंडाचं पाणी हाय," दानम्मा म्हणाली. "चोख हाय. रोज आणते. जोवर जीव हाय तोवर आणते. मला माफ कर म्हणत न्हाई. तेवढं माझं तोंड न्हाई."

चतुराबाई गाडीवर चढली, पहिल्या घागरीवरचं फडकं काढलं आणि घागर दोन्ही हातांनी उचलून तिने ती उलटी केली. दुष्काळाचं दुसरं साल. ज्या गल्लीत वाटीभर पाण्यासाठी केस ओढले जायचे, तिथे ते पाणी चाकाखालून, बायांच्या पायांमधून वाहत गेलं. तापलेल्या धुळीने ते पिऊन टाकलं. कुणी वाटी लावायला वाकलं नाही. दानम्माने नजर खाली केली नाही.

चतुराबाईने रिकामी घागर गाडीत ठेवली. मग ती खाली उतरली.

"एक माझ्या भावाची," ती म्हणाली. "बाकीच्या पाच उतरवा गं. घरात माणसं तहानलेली हायत."